मुलाची थकलेली पोटगी : बावीस महिन्यांची वसुली कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधील एका शिक्षिकेला कौटुंबिक न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आदेश दिला. नऊ वर्षांच्या मुलासाठी वडिलांनी दरमहा ८,००० रुपये, प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावेत, असा तो आदेश आहे. फेब्रुवारी २०२४ पर्यंत रक्कम नियमित आली आणि मार्चपासून थांबली. मधल्या काळात यूपीआयवरून एकदा १५,००० आणि एकदा ६,००० रुपये आले. वडील आता बंगळुरूच्या एका खासगी कंपनीत नोकरी करतात, गावी वडिलोपार्जित शेतजमिनीत त्यांचे नाव आहे आणि ते परदेशी जाण्याच्या तयारीत असल्याची कुणकुण आहे. डिसेंबर २०२५ अखेर बावीस महिने थकले आहेत. त्यांना तुरुंगात पाठवता येईल का, तसे झाले तर थकबाकी माफ होते का, आणि पैसे येईपर्यंत मुलाची भेट थांबवली तर चालेल का, असे प्रश्नकर्त्या विचारतात.

तुरुंगाच्या प्रश्नाचे उत्तर खाली देतो, परंतु त्याआधी एका तारखेबद्दल लिहिणे भाग आहे, कारण ती हातातून गेली तर थकबाकीतील आणखी एक महिना तुमच्या सर्वात प्रभावी उपायाच्या बाहेर जाईल. वसुलीचा अर्ज शुक्रवार, ९ जानेवारी २०२६ पर्यंत दाखल झालाच पाहिजे. जानेवारी २०२५ चा हप्ता १० जानेवारी २०२५ रोजी देय झाला, त्याला १० जानेवारी २०२६ रोजी एक वर्ष होते आणि तो दिवस दुसरा शनिवार असल्याने न्यायालय बंद राहील. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी अर्ज दिला तरी मुदतीत धरला जावा, असा युक्तिवाद करता येतो. पण जो वाद टाळता येतो तो ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

या तारखेचे कारण कायद्याच्या मजकुरातच आहे. पूर्वीच्या कलम १२५ च्या पोटकलम ३ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ च्या पोटकलम ३ मध्ये असे म्हटले आहे की, पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवणाऱ्याविरुद्ध न्यायालय दंड वसूल करण्याच्या पद्धतीने वॉरंट काढू शकते. परंतु रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला असेल तरच. बहुतेक पक्षकार इथेच फसतात. समोरचा माणूस ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणत राहतो, नातेवाईक ‘कोर्टात जाऊ नका, आम्ही समजावतो’ म्हणत राहतात आणि दर महिन्याच्या १० तारखेला मागच्या बाजूने एकेक हप्ता मुदतीबाहेर पडत जातो. तुमच्या बाबतीत मार्च ते डिसेंबर २०२४ हे दहा महिने या मार्गापुरते आधीच मुदतीबाहेर गेले आहेत. मात्र ते पैसे बुडालेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पूनगोडी विरुद्ध थंगवेल या २०१३ च्या निकालात स्पष्ट केले आहे की, एका वर्षाची अट फक्त वॉरंट आणि कैदेच्या या विशेष मार्गाला लागू होते. थकबाकीवरचा हक्क त्यामुळे संपत नाही आणि दिवाणी मार्गाने वसुली करता येते. जुन्या रकमेकडे शेवटी परत येतो.

आता हिशेब. बावीस महिन्यांचे १,७६,००० रुपये होतात आणि मिळालेले २१,००० वजा करता १,५५,००० उरतात. हे २१,००० कोणत्या महिन्यांत धरायचे हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. पैसे पाठवताना वडिलांनी ‘अमुक महिन्याची पोटगी’ असे काही लिहिले नसेल, तर ती रक्कम सर्वात जुन्या महिन्यांत जमा धरा आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा. देणेदाराने हेतू सांगितला नसेल तर घेणेकरी ती रक्कम मुदतबाह्य देण्यातही वळती करू शकतो, हे करार अधिनियमाच्या कलम ६० मधील तत्त्व आहे. पोटगीच्या आदेशाला ते जसेच्या तसे लागू होत नाही असा आक्षेप समोरून येऊ शकतो. तरीही आपली मांडणी पहिल्या दिवसापासून अभिलेखावर असली पाहिजे. ही मांडणी टिकली तर जुने देणे ८०,००० वरून ५९,००० वर येते आणि जानेवारी ते डिसेंबर २०२५ या बारा महिन्यांचे पूर्ण ९६,००० वॉरंटच्या मार्गात राहतात.

हिशेबाचा तक्ता स्वतः तयार करा आणि तो वकिलावर सोपवू नका. एका कागदावर पाच रकाने पुरतात : महिना, देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम व तिची तारीख, आणि उरलेली बाकी. सोबत ज्या खात्यात पोटगी जमा व्हायची त्याचा आदेशापासून आजवरचा बँकेचा शिक्का असलेला उतारा जोडा. माझ्या एका पक्षकार बाईंनी हा हिशेब मुलीच्या शाळेच्या चौकटीच्या वहीत ठेवला होता, पेनाने, एकही खाडाखोड न करता, आणि आलेला प्रत्येक रुपया, अगदी दिवाळीला आलेले ५०० सुद्धा, त्यात लिहिलेले होते. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ‘तुम्ही मिळालेली रक्कम लपवली’ असे सुचवताच त्यांनी ती वही पुढे केली आणि तो मुद्दा तिथेच संपला. मिळालेले पैसे लपवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करू नका, कारण एक लपवलेली पावती उरलेल्या बावन्न खऱ्या ओळींवरचा विश्वास घालवते.

अर्जाच्या शीर्षकात मी सध्या जुने आणि नवे अशी दोन्ही कलमे लिहितो, म्हणजे कलमाच्या क्रमांकावरून वाद होऊन सुनावणीच्या तारखा वाया जात नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत, हिशेबाचा तक्ता, बँकेचा उतारा, मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत आणि शपथपत्र एवढे पुरते. आदेशाची प्रत पोटगी मिळणाऱ्याला किंवा त्याच्या पालकाला विनामूल्य देण्याची तरतूद कायद्यातच आहे. अर्ज दाखल झाल्यानंतर पुढे थकणाऱ्या महिन्यांसाठी दर वेळी नवा अर्ज करावा लागत नाही. शांता विरुद्ध शिवनंजप्पा (२००५) या निकालानुसार पोटगी हे चालू राहणारे दायित्व आहे आणि मुदतीत केलेला अर्ज प्रलंबित असताना नंतरची थकबाकीही त्यात मागता येते. म्हणून दर दोन-तीन तारखांनी अद्ययावत हिशेबाची पुरशिस (लेखी निवेदन) देत राहा आणि ती रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, नोंदली गेली ना ते पाहा.

तुरुंगाबद्दल. कायद्याचा क्रम असा आहे की आधी वसुलीचे वॉरंट निघावे, त्याच्या अंमलबजावणीनंतरही जी रक्कम उरेल तिच्यासाठी कैद, आणि ती एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरले तर भरेपर्यंत. अनेक महिन्यांच्या थकबाकीसाठी एकाच अर्जावर एकूण किती कैद देता येते यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शहादा खातून प्रकरणात (१९९९) एक महिन्याची मर्यादा अधोरेखित केली आणि तो महिना संपल्यावरही पैसे न भरल्यास पुन्हा अर्ज करण्याची मुभा सांगितली. कैद भोगल्याने थकबाकी फिटते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे आहे. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या निकालापासून हा मुद्दा वादाचा राहिलेला नाही : कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे, आणि देणे केवळ प्रत्यक्ष पैसे दिल्यानेच फिटते.

एवढे सांगून माझे स्वतःचे मतही सांगतो. पक्षकार जेव्हा पहिल्याच भेटीत ‘त्याला आत टाका’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना विचारतो की आत गेलेल्या माणसाचा त्या महिन्याचा पगार कोण देणार. अजामीनपात्र वॉरंटचा धाक उपयोगी असतो, विशेषतः ज्याच्याकडे पैसे आहेत पण द्यायची इच्छा नाही अशा माणसाच्या बाबतीत. बहुतेक वेळा रक्कम वॉरंट निघाल्यानंतर आणि कोठडीच्या दारात पोहोचण्यापूर्वी भरली जाते. परंतु नोकरदार वडिलांच्या बाबतीत पगार, बँक खाते आणि जमीन या तीन ठिकाणी हात घातल्याशिवाय संपूर्ण रक्कम क्वचितच हाती येते, आणि त्यासाठी पैसा कुठे आहे हे न्यायालयाला तुम्हीच सांगावे लागते. न्यायालय शोधायला जात नाही.

शोधाची सुरुवात तुमच्याच फाइलमधून करा. तुमचा आदेश २०२३ चा आहे, म्हणजे रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतरचा. मूळचे नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातील ते प्रकरण. त्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे सविस्तर शपथपत्र देणे बंधनकारक केले. वडिलांनी ते शपथपत्र दिले असेल तर त्यात त्यांची बँक खाती, विमा, गुंतवणूक, वाहन आणि जमीन यांची यादी त्यांच्याच सहीने मिळेल. त्याची प्रमाणित प्रत काढा. दुसरा धागा तुमच्या मोबाइलमध्ये आहे : यूपीआयने आलेल्या त्या दोन रकमांच्या नोंदीत पाठवणाऱ्याच्या बँकेचे नाव आणि बहुधा खात्याचे शेवटचे काही अंक दिसतात. व्यावसायिक ओळखीच्या संकेतस्थळावर माणसे नव्या नोकरीची वार्ता स्वतःच देतात. कंपनीचे नाव व हुद्दा दिसणारे ते पान तारखेसह छापून ठेवा. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आणि पगार जिथून निघतो ते कार्यालय वेगळे असू शकते, त्यामुळे दोन्ही पत्ते मिळवा. भविष्य निर्वाह निधीची रक्कम जप्त होत नाही, तेव्हा तिच्यामागे वेळ घालवू नका.

वडील बंगळुरूला असल्याने तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ नुसार, म्हणजे जुन्या कलम १२८ नुसार, पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी तो माणूस जिथे असेल तिथल्या न्यायालयाकडून करून घेता येते. तिथे फक्त पक्षकारांची ओळख आणि रक्कम न भरल्याचे पटवून द्यावे लागते, मूळ प्रकरण नव्याने लढवावे लागत नाही. शाळा सांभाळून बंगळुरूच्या तारखा करणे तुम्हाला जड जाईल हे उघड आहे. म्हणून मी सहसा आधी आदेश देणाऱ्या न्यायालयातच अर्ज करतो, तिथून वॉरंट बाहेरच्या पोलीस ठाण्याकडे पाठवण्याची मागणी करतो आणि त्यात यश येत नाही असे दिसले तरच दुसऱ्या शहरात जातो.

दुसरा मार्ग दिवाणी पद्धतीच्या दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या (दिवाणी न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या) अंमलबजावणीसाठी करायच्या अर्जाचा. रजनेश निकालाने पोटगीचा आदेश पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येईल असे म्हटले आहे आणि त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेतील पगारजप्ती, बँक खात्याची जप्ती आणि मालमत्तेबाबत शपथेवर विचारणा ही हत्यारे उपलब्ध होतात. पगारजप्तीतील एक तरतूद पक्षकारांना सहसा ठाऊक नसते. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो; पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र याच संहितेच्या कलम ६० नुसार फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित असतो. म्हणजे दोन-तृतीयांशापर्यंत पगार जप्त होऊ शकतो. खासगी नोकरदाराच्या पगाराची जप्ती आदेश २१ च्या नियम ४८-अ खाली होते आणि तिथे एक अडसर आहे : पगार वाटप करणारा अधिकारी त्या न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. कंपनीचा पगार बंगळुरूहून निघत असेल तर दरखास्त तिथल्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावी लागेल. पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून निघत असेल तरी ती तिथे वर्ग करावीच लागेल, फक्त धावपळ कमी होईल. दोन पत्ते मिळवायला सांगितले ते यासाठीच. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १८ मध्ये कलम १२५ च्या आदेशाची अंमलबजावणी फौजदारी संहितेनुसार व्हावी असे म्हटले असल्याने काही न्यायालये दरखास्तीला हरकत घेतात. अशा वेळी रजनेश निकालातील अंमलबजावणीचा भाग अर्जासोबतच जोडावा.

तुमच्या प्रकरणात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खालीही एखादा आर्थिक आदेश झालेला असेल, तर तो आधी बाहेर काढा. त्या अधिनियमाच्या कलम २० च्या पोटकलम ६ नुसार दंडाधिकारी थेट मालकाला, म्हणजे कंपनीला, पगाराचा काही भाग तुमच्याकडे किंवा न्यायालयात जमा करण्याचा निर्देश देऊ शकतात, आणि त्या अधिनियमाखालचा आदेश भारतभर अंमलात येतो. नोकरदार माणसाकडून वसुली करण्याचे याहून सरळ साधन मला माहीत नाही. एकदा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे न्यायालयाचे पत्र गेले की पुढच्या महिन्यापासून रक्कम आपोआप कापली जाते, आणि कर्मचाऱ्याला तिथे उत्तरे देत बसावे लागते हा परिणाम निराळाच.

जमिनीबाबत सातबारा आणि फेरफार आजच काढून ठेवा. दंडवसुलीच्या पद्धतीत न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवू शकते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. या वॉरंटखाली अटक करता येत नाही, फक्त मालमत्तेवर कारवाई होते. वडिलोपार्जित सामाईक जमिनीत त्यांच्या हिश्श्यापुरतीच जप्ती शक्य आहे आणि प्रत्यक्ष लिलावापर्यंत प्रकरण पोहोचायला वेळ लागतो. पण माझा अनुभव असा की तलाठ्याकडून भावांना नोटिशीची बातमी कळली की घरातूनच दबाव सुरू होतो आणि लिलावाची वेळ येत नाही. फेरफारात अलीकडे भावाच्या किंवा आईच्या नावे बक्षीसपत्र झाल्याचे दिसले तर ते घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण म्हणून मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली आव्हान देता येते. तो दावा लांबणारा असतो. त्यापेक्षा हस्तांतरण होण्यापूर्वी जप्ती मागणे कधीही बरे.

वॉरंट निघाले म्हणजे काम झाले असे समजू नका. वॉरंट पोलीस ठाण्यात जाते आणि तीन आठवड्यांनी ‘मिळून आला नाही’ या तीन शब्दांच्या अहवालासह परत येते. एका रिक्षाचालकाच्या प्रकरणात हाच शेरा सलग पाच वेळा आला होता. त्याची पत्नी स्वतः रोज सकाळी त्याला स्टँडवर उभा पाहत होती, पण वॉरंटवर जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता होता आणि पोलीस त्याच पत्त्यावर जाऊन येत होते. सहाव्या वेळी आम्ही अर्जात रिक्षाचा क्रमांक, स्टँडचे ठिकाण आणि ‘सकाळी साडेसात ते नऊ’ ही वेळ लिहिली, त्याचे छायाचित्र जोडले आणि वॉरंट बजावणाऱ्या हवालदारांना ती प्रत हातात दिली. दुसऱ्या दिवशी तो न्यायालयात होता आणि दुपारपर्यंत त्याच्या भावाने ४०,००० रुपये भरले. तुमच्या बाबतीत कंपनीचे प्रवेशद्वार, कामाची वेळ आणि राहत्या घराचा पत्ता हे तिन्ही वॉरंटवर आले पाहिजेत.

वडील हजर झाल्यावर काय होईल हेही आधीच सांगून ठेवतो. ते काही रक्कम भरण्याची तयारी दाखवतील, ‘आज वीस हजार, उरलेले सवडीने’, आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतील. वीस हजार नाकारू नका, ती मुलाची रक्कम आहे. पण ‘सवडीने’ हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. चालू महिन्याचे ८,००० आणि त्याशिवाय थकबाकीचा ठरावीक हप्ता, प्रत्येकाची तारीख, आणि एक हप्ता चुकला तरी संपूर्ण उरलेल्या रकमेसाठी वॉरंट, असे रोजनाम्यात नोंदवून घ्या. शेवटचा रुपया येईपर्यंत अर्ज मागे घेऊ नका, निकाली काढायलाही संमती देऊ नका. ‘सद्भावनेने’ अर्ज मागे घेतल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात हप्ते थांबल्याची प्रकरणे माझ्या कपाटात रचून ठेवता येतील एवढी आहेत. अर्ज मागे घेतला की एका वर्षाचे घड्याळ पुन्हा तुमच्याविरुद्ध चालू होते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, म्हणून तोंडी समझोत्यापेक्षा ती निश्चितच बरी.

बचावात तीन-चार ठरलेल्या गोष्टी येतात. घरकर्जाचा हप्ता मोठा आहे, ही पहिली. स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते मुलाच्या पोटगीपुढे ठेवता येत नाहीत, ही न्यायालयांची ठाम भूमिका आहे. नोकरी मधल्या काळात गेली होती, ही दुसरी. तसे खरोखर झाले असेल तर त्यांनी तेव्हाच रक्कम कमी करून मागायला हवी होती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली बदलाचा अर्ज करता येतो, पण त्यावर आदेश होईपर्यंत जुनीच रक्कम दरमहा देय राहते, आणि वरच्या न्यायालयात नुसते पुनरीक्षण दाखल केल्याने स्थगिती मिळत नाही. आई कमावते, ही तिसरी. ती कमावते म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या निकालात (२०००) दोघेही कमावते होते आणि सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च वडील व आई यांच्यात उत्पन्नाच्या मानाने दोनास एक असा वाटला. शिवाय हा मुद्दा मूळ आदेशाच्या वेळचा आहे, वसुलीच्या टप्प्यावर तो पुन्हा उकरता येत नाही. चौथी गोष्ट शाळेची फी थेट भरल्याची किंवा मुलाला सायकल घेऊन दिल्याची. भेटवस्तू पोटगीत मोजली जात नाही. फी मात्र खरोखर भरली असेल तर ती मान्य करा आणि आदेशात फी वेगळी धरली आहे की ८,००० मध्येच अंतर्भूत आहे ते तपासून उत्तर द्या. हेच सारे नियम उलट बाजूनेही लागू होतात : मुलाचा ताबा वडिलांकडे आणि थकबाकी आईकडे असेल तरी कायदा तोच, फक्त दिवाणी हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही एवढा फरक.

मुलाची भेट थांबवण्याबाबत माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. भेटीचा आदेश आणि पोटगीचा आदेश एकमेकांवर अवलंबून नाहीत. त्यांनी एक मोडला म्हणून तुम्हाला दुसरा मोडण्याची मुभा मिळत नाही. उलट ज्या दिवशी तुम्ही भेट नाकाराल त्या दिवसापासून प्रत्येक तारखेला चर्चा थकबाकीची न होता तुमच्या अवमानाची होईल, आणि समोरच्या वकिलांना नेमके तेच हवे असते. भेटीला ते आले की नाही याची नोंद मात्र ठेवा.

परदेशी जाण्याबाबत जे ऐकले आहे त्याला काही आधार असेल, म्हणजे व्हिसाची कागदपत्रे, कंपनीचा बदलीचा मेल किंवा खुद्द त्यांचा संदेश, तर तो वसुलीच्या अर्जासोबत लावा आणि निघण्यापूर्वी संपूर्ण थकबाकी भरावी किंवा तेवढी तारण द्यावी अशी स्वतंत्र प्रार्थना करा. न्यायालयाने हजर राहण्यासाठी समन्स किंवा वॉरंट काढलेले असेल तर पारपत्र (पासपोर्ट) अधिनियमाच्या कलम १० च्या पोटकलम ३ खाली पारपत्र अधिकारी पारपत्र जप्त करू शकतात. वॉरंटची प्रत त्या कार्यालयाला तुम्हालाच पाठवावी लागेल. माणूस एकदा देशाबाहेर गेला की वसुली अशक्य नसली तरी खर्च आणि वर्षे दोन्ही वाढतात.

राहिले ते जुने ५९,०००. ते वॉरंटच्या अर्जात नमूद करा, पण ‘या रकमेबाबत दिवाणी मार्गाचा हक्क राखून ठेवला आहे’ असे लिहून. सगळे १,५५,००० एकाच प्रार्थनेत मागितले तर मुदतीच्या हरकतीवर संपूर्ण अर्ज अडून बसतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे आणि ठरावीक काळाने द्यायच्या रकमेत ती प्रत्येक चुकलेल्या हप्त्यापासून मोजली जाते, त्यामुळे या भागाची घाई नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वडिलांशी हप्त्यांची बोलणी होतात तेव्हाच जुनी रक्कमही त्यात बसवता येते, वेगळी दरखास्त करावी लागत नाही.

वकिलाच्या फीची चिंता तुमच्या पत्रात दिसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज आणि ओळखपत्र पुरते. वकील नेमणुकीला आठवडाभर लागू शकतो आणि तेवढा अवधी तुमच्याकडे नाही. म्हणून वसुलीचा अर्ज ९ जानेवारीपर्यंत स्वतःच्या सहीने दाखल करा. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने स्वतः उभे राहणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि वकील पुढच्या तारखेपासून आले तरी चालते. दाखल केल्यावर अर्जाचा क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.